सायकल चालवणं, उघडणं, बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सायकली उघडायच्या, जुळवायच्या, त्यांचं रूप पालटायचं आणि मग त्याच घेऊन लांब निघून जायचं, हा माझा कित्येक वर्षांचा छंद. मी धंद्याने मेकॅनिक नाही. तरी ओळखीतले आणि त्यांच्या ओळखीतले लोक विचारत राहतात, आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. एक आग्रह जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसेल: एका वेळी एकच गोष्ट बदला, चालवून बघा, मगच पुढचीला हात घाला. सीट, हँडल आणि टायर एकाच संध्याकाळी बदलले तर दुसऱ्या दिवशी पाठ कशाने दुखतेय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शिकायला कोणती सायकल घ्यावी?

जुनी, पोलादी, गिअर नसलेली किंवा मोजके गिअर असलेली. पोलाद बरंच सहन करतं. थोडं वाकलं तर सरळ करता येतं, तडा गेला तर जोडता येतो. अ‍ॅल्युमिनिअम आणि कार्बन नवशिक्याला इतकं माफ करत नाहीत.

घेताना रंग आणि चमक बघू नका. पुढच्या हँडलच्या नळीमागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा उंचवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. मग एक दोरा घ्या. फ्रेमच्या ज्या खाचांत मागचं चाक बसतं त्यांपैकी एका खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत तो ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. अंतर सारखं नसेल तर फ्रेम पिळलेली आहे. शेवटी सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतात का ते बघा. टायर, चेन, ब्रेक, केबल हे सगळं बदलता येतं. गंजून रुतलेला दांडा मात्र अख्खा आठवडा खातो.

हत्यारं कोणती लागतात?

वाटतात त्यापेक्षा कमी. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, ८, ९, १० आणि १५ चे पाने, टायर काढायच्या पट्ट्या, चेन तोडायचं हत्यार, स्पोकची (चाकातल्या तारांची) किल्ली आणि दाब दाखवणारा काटा असलेला पंप. एवढ्यात बरीच कामं होतात. १५ चा पाना पातळ हवा, जाड पाना पेडल आणि क्रँकच्या (पेडल ज्याला जोडतात त्या दांड्याच्या) मधे शिरतच नाही.

एका ठिकाणी मात्र कंजूषपणा नको. केबल कापायची कात्री चांगली घ्या. पकडीने कापलेल्या केबलची टोकं पिंजतात, आणि पिंजलेली केबल पुन्हा आवरणात घालायचा प्रयत्न करणं ही सहनशक्तीची परीक्षा आहे. क्रँक ओढून काढायचा पुलर, फ्रीव्हीलची (पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या दातेरी चकतीची) किल्ली, बॉटम ब्रॅकेटचं (दोन्ही क्रँक ज्यावर फिरतात त्या मधल्या बेअरिंगचं) हत्यार ही त्या त्या सायकलला लागणारी असतात. गरज पडेल तेव्हा घ्या.

बोल्ट किती आवळायचे?

हँडल आणि स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बारीक बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर (आवळण्याचा जोर मोजायचं माप). पेडल आणि चौकोनी एक्सलवरचे क्रँक ३५ ते ४०. कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) रिंग ४०. भागावर आकडा छापलेला असेल तर तोच खरा. कार्बनचा भाग असेल तर टॉर्कचा पाना (जोर मोजून आवळणारा) हवाच. तिथे हाताचा अंदाज चालत नाही.

पेडल निघतच नाही, उलट आणखी घट्ट होतंय. असं का?

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं डावीकडे फिरवलं की सुटतं, डावं उजवीकडे फिरवल्यावर. आठवत नसेल तर पाना पेडलवर असा लावा की दांडी वर येईल, आणि ती मागच्या चाकाच्या दिशेने ओढा. दोन्ही बाजूंना हेच चालतं.

हा उलटेपणा उगाच नाही. पेडलवर पाय दाबला जातो तेव्हा पेडलचा दांडा क्रँकच्या भोकात किंचित घरंगळत राहतो, आणि सरळ आटे असते तर या घरंगळण्याने डावं पेडल चालता चालता सुटलं असतं. ब्रिटिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये याच कारणासाठी चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. इटालियन मापात मात्र दोन्हीकडे सरळच. म्हणून कप उघडायला जोर लावण्याआधी माप ओळखा. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्न पडणार नाही.

टायरवर २६ लिहिलंय, रिमही २६ ची. तरी टायर बसत का नाही?

कारण ‘२६ इंच’ नावाखाली वेगवेगळ्या व्यासाच्या रिम विकल्या जातात. इंचाचा आकडा विसरा आणि टायरच्या कडेला बारीक अक्षरात छापलेली जोडी शोधा, उदाहरणार्थ ४७-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या डोंगरी सायकलींचं २६ म्हणजे ५५९. २६ गुणिले १ ३/८ म्हणजे ५९०. २६ गुणिले १ १/२ म्हणजे ५८४. गंमत अशी की ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी दिसली तरी दोन्ही ६२२ च. उंच, जुन्या, दांडीच्या सायकलींचं २८ गुणिले १ १/२ हे ६३५. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर कितीही स्वस्तात मिळो, घेऊ नका.

ट्यूब बदलली तरी पुन्हा पंक्चर होतं. काय करू?

भोक बुजवण्याआधी त्याची चौकशी करा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपली. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या स्पोकचं टोक वर आलं आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर ट्यूब आत सरकत होती किंवा पंप वाकडा धरला जात होता. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर गुन्हेगार बहुधा अजून टायरमध्येच बसलेला आहे.

त्यासाठी एक सवय लावून घ्या: टायर बसवताना त्याच्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणा. ट्यूबवर भोक सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजून टायरवर नेमकी ती जागा गाठता येते. मग आतून फडकं फिरवा. काटा, तार, काचेचा कण फडक्यात अडकतो आणि बोट वाचतं.

ठिगळ न टिकण्याचं कारण बहुतेक वेळा घाई असतं. जागा पॉलिश पेपरने खरवडा, सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या जागेत लावा आणि तो वाळू द्या. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ चिकटत नाही, सरकतं. हात लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, अशा वेळी दाबून बसवा.

हवा किती भरायची?

टायरच्या कडेवरचा मोठा आकडा ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. रुंद टायरला कमी दाब लागतो, अरुंद टायरला जास्त. माणूस आणि सामान जड असेल तर थोडा वाढवा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून पुढच्यात जरा कमी ठेवा. मध्यम वजनाच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर असतं) आणि ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४० ते ४५ पासून सुरुवात करून बघता येईल. तिथून पाच-पाच पीएसआयने खाली-वर करा. दगड लागल्यावर रिम ठणकली तर फार खाली आलात.

चेन कधी बदलायची? दिसायला तर चांगली आहे.

दिसण्यावर जाऊ नका, पट्टी लावा. चेनच्या एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. अशी २४ अंतरं नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. पोलाद ताणलं जात नाही, खिळे आणि त्यांभोवतीच्या जागा झिजतात आणि चेन लांबते. मोजमाप ३०६.३ च्या आसपास आलं की अकरा-बारा गिअरच्या बारीक चेनचा निरोप घ्या. कमी गिअरची जाड चेन ३०७ पर्यंत चालते. ३०८ च्या पुढे गेली असेल तर तिने मागची दातेरी चाकंही स्वतःच्या मापाची करून घेतलेली असतात; नवी चेन त्यांच्यावरून घसरेल आणि सगळाच संच बदलावा लागेल.

तेल चेनच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रोलरवर थेंबभर सोडा, पेडल उलटं फिरवत राहा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. गंज सोडवायचा फवारा हे वंगण नाही. तो उलट आतलं तेल धुऊन नेतो.

सायकल कुरकुरते. आवाज कुठून येतोय ते कसं शोधायचं?

माझा आवडता प्रश्न. आवाज शोधणं हे हत्यारांचं काम कमी आणि कानांचं जास्त. धातूच्या नळ्यांतून आवाज प्रवास करतो, त्यामुळे सीटखाली वाजल्यासारखं वाटतं आणि दोष निघतो पेडलमध्ये. म्हणून जागेवर विश्वास ठेवायचा नाही, तालावर ठेवायचा.

पहिली तपासणी: पेडल मारणं थांबवा. आवाज थांबला तर तो पेडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट किंवा चेनचा. चालूच राहिला तर चाक, ब्रेक किंवा हबकडे (चाकाच्या मधल्या भागाकडे) बघा. दुसरी: उभं राहून पेडल मारा. बसल्यावरच येतो आणि उभं राहिल्यावर जातो, तर सीट किंवा तिचा दांडा. उभं राहिल्यावरच येतो, तर हँडल आणि स्टेमवर संशय घ्या. तिसरी: ताल मोजा. क्रँकच्या दर फेरीला एकदा, तेही एकाच पायाच्या दाबावर, असा टक आवाज आला तर ते पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावून परत बसवा. क्रँकच्या दोन-तीन फेऱ्यांत एकदा असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे. पेडल सावकाश उलटं फिरवलं की ती कडी गिअरच्या छोट्या चाकावरून जाताना उडी मारताना दिसते. चाकाच्या फेरीला एकदा टिक् टिक् होत असेल तर आधी टायरमध्ये खडा बघा, मग स्पोक.

महिनोन्महिने छळणारा आवाज शेवटी मागच्या चाकाच्या क्विक रिलीजमध्ये (पान्याशिवाय चाक सोडवायच्या खटक्यात) निघाल्याचं मी पाहिलं आहे. खाचेत थोडी माती होती, एवढंच. त्या सायकलचं बॉटम ब्रॅकेट तोवर एका दुकानाने बदलून झालं होतं.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) घरी काढता येतो का?

येतो, आणि त्याला स्टँड लागतोच असं नाही. सायकल उलटी ठेवा, टायरमधली हवा कमी करा. ब्रेकचे रबर किंवा फोर्कला (चाक धरणाऱ्या चिमट्याला) बांधलेली प्लास्टिकची पट्टी रिमजवळ आणा. चाक फिरवा, जिथे घासेल तिथे खडूने खूण करा.

रिम उजवीकडे आली असेल तर त्या जागचे डाव्या बाजूचे स्पोक पाव फेरा घट्ट आणि उजव्या बाजूचे पाव फेरा सैल. टायरच्या बाजूने निपलकडे (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटाकडे) पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर घट्ट होतं. खालून बघताना दिशा उलटी दिसते आणि तिथेच सगळे गोंधळतात. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको. चाक फिरवून बघा, मग पुढचा पाव फेरा.

सगळा आऊट एका दमात मारायला गेलं की चाक दुसरीकडून फुगतं. बाजूचा आऊट आणि उंचीचा आऊट वेगळे. उंचवटा असेल तर तिथले दोन्ही बाजूंचे स्पोक थोडे घट्ट करायचे. शेवटी समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने आवळून सोडा. टणटण आवाज येईल, पिळलेले स्पोक सरळ होतील, आणि पुन्हा थोडी दुरुस्ती करावी लागेल. तीही पाव पाव फेऱ्यानेच.

मागच्या चाकात चेनच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, कारण कॅसेटला जागा द्यायला त्या बाजूचा हबचा कडा आत असतो. दोन्ही बाजू सारख्या वाजल्या पाहिजेत असं समजू नका. एकाच बाजूचे स्पोक मात्र एकमेकांशी सुरात असायला हवेत. सैल स्पोक तुटत नाहीत असं लोकांना वाटतं. खरं तर सैल स्पोक दर फेरीला जास्त हलतो आणि बाकाजवळ थकून तुटतो.

सीट किती उंच ठेवायची?

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. ८० सेंटिमीटर आले तर ७०.६. ही सुरुवात, अंतिम निकाल नव्हे. पुढे अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर निदान एक लांब फेरी मारा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखलं तर वर. दांड्यावरची किमान खोलीची खूण कधीही बाहेर दिसता कामा नये.

गिअर काढून सिंगलस्पीड किंवा फिक्स्ड करायची आहे.

पहिल्यांदा मागच्या खाचा बघा. आडव्या किंवा तिरक्या असतील तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, काम सोपं. उभ्या असतील तर चेन ताणायला वेगळा टेन्शनर लागेल, आणि टेन्शनरबरोबर फिक्स्ड करू नये. मग चेनची रेष: पुढचं चेनव्हील आणि मागची चकती वरून एका सरळ रेषेत दिसली पाहिजेत.

फिक्स्डमध्ये पाय थांबवता येत नाहीत, चाक फिरतं तोवर पेडल फिरतं. पहिल्या उतारावर हे अंगावर येतं. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर फिक्स्ड चकती बसवू नका, कारण पाय मागे रेटले की ती उलगडते. त्यासाठी वेगळा हब येतो, ज्यात उलट्या आट्यांची रिंग चकतीला अडवून धरते. आणि पुढचा ब्रेक ठेवाच. कुणी काहीही म्हणो.

दात निवडताना एक मजेदार हिशेब आहे. मागचं चाक अडवून घसरत थांबण्याची सवय असेल तर टायर ठरावीक ठिकाणीच झिजतो. किती ठिकाणी? पुढच्या-मागच्या दातांचा अपूर्णांक संक्षिप्त करा, छेदात येईल तेवढ्या. ४८ आणि १६ म्हणजे ३/१, छेद एक: दर वेळी टायरचा तोच तुकडा घासला जाणार. ४६ आणि १६ म्हणजे २३/८, आठ जागा. ४७ आणि १६ घेतलेत तर सोळा. एका दाताच्या फरकाने टायरचं आयुष्य कितीतरी पट वाढतं आणि पायाला फरक कळतही नाही.

सरळ हँडल काढून मेंढ्याच्या शिंगांसारखा ड्रॉप बार लावू का?

लावा, पण खर्च हँडलवर थांबत नाही. सरळ हँडलची मूठ २२.२ मिलिमीटर, ड्रॉप बारची नळी २३.८. जुने ब्रेकचे लिव्हर आणि गिअरचे खटके त्यावर चढणार नाहीत. नवे लिव्हर घेतले तर ते केबल कमी ओढतात, आणि व्ही-ब्रेकला (सरळ हँडलच्या सायकलींवरच्या लांब आर्मच्या रिम ब्रेकला) जास्त ओढ लागते. ब्रेक मऊ लागेल आणि वेळेला धरणार नाही. म्हणजे ब्रेकही बदलायचे. शिवाय हात बरेच पुढे जातात, म्हणून स्टेम आखूड हवा. फक्त हात ठेवायच्या जागा बदलायच्या असतील तर मागे वळलेलं हँडल लावून बघा. बहुतेकांना हवं असतं ते तिथेच मिळतं.

गिअरचं आवरण ब्रेकला चालेल का?

नाही. गिअरच्या आवरणात तारा लांबीने सरळ असतात, ब्रेकच्या आवरणात स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. जोरात ब्रेक दाबला तर गिअरचं आवरण फाटू शकतं, आणि ते नेमकं सर्वांत नको त्या क्षणी.

सीटचा दांडा रुतलाय.

पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनिअमचा दांडा ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरतो. आत शिरणारं तेल वरून सोडा. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूनेही सोडा. दिवसेंदिवस थांबा. जुनी, टाकाऊ सीट लावून तिचाच तरफेसारखा वापर करून पिळा. ओढू नका, आधी फिरवा. दांडा बर्फाने गार केला तर फायदा होतो, कारण अ‍ॅल्युमिनिअम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट आकुंचन पावतं. तरीही नाही आला तर दांडा वरून कापून आतून करवतीच्या पात्याने उभी खाच पाडायची. वेळखाऊ आहे, पण फ्रेम वाचते. कॉस्टिक सोड्याने दांडा विरघळवण्याचे प्रयोग घरात करू नका.

फ्रेम घरी रंगवता येईल?

येईल, पण रंगापेक्षा रंगाआधीचं काम मोठं. सगळे भाग काढा. बॉटम ब्रॅकेटचे आटे, हँडलच्या बॉल रेसच्या (बेअरिंगच्या वाट्यांच्या) जागा, सीटच्या नळीचं आतलं तोंड आणि चाकाच्या खाचांच्या आतल्या बाजू चिकटपट्टीने झाका. तिथे रंग बसला तर काहीच नीट बसणार नाही. जुना रंग पूर्ण काढायची गरज नसते, तो घट्ट असेल तर घासून खरबरीत करा. प्रायमर, रंग, वरून पारदर्शक थर, सगळे पातळ आणि प्रत्येकाला वाळायला वेळ. फ्रेमवर कोरलेला क्रमांक रंगाने भरून टाकू नका. सायकल चोरीला गेली तर तोच पुरावा.

वाटेत काही मोडलं तर घरी कसं पोचायचं?

माझ्या लांबच्या फेऱ्यांतली निम्मी मजा यातच आहे. मागच्या गिअरची केबल तुटली की चेन सर्वांत छोट्या चकतीवर पडते आणि चढ अशक्य होतो. अशा वेळी डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेच्या) ‘एच’ अक्षर असलेल्या स्क्रूला आत फिरवा, चेन एक-दोन चकत्या वर सरकते, पुढे छोटं चेनव्हील लावा आणि निघा. डिरेलरच वाकलं तर चेन तोडून आखूड करा आणि सायकल तात्पुरती एक गिअरची करा. टायरची बाजू फाटली तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा किंवा घडी घातलेली जाड नोट आतून लावा. स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळा, त्या चाकाचा ब्रेक सैल करा आणि हळू चला.

थंडीत एकदा एका मित्राच्या मागच्या हबमधलं ग्रीस गोठलं आणि पेडलचा जोर चाकाला देणारे आतले खटके अडकले. पेडल फिरे, चाक नाही. आम्ही मोठी चकती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी स्पोकांना बांधली आणि तो घरापर्यंत फिक्स्ड चालवत आला. तेव्हापासून पट्ट्यांचं पुडकं माझ्या सीटखाली कायमचं आहे.

पावसातून आल्यावर काय करायचं?

चेन पुसून तेल. सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा, पाणी निथळू द्या, दांड्याला ग्रीस लावून परत घाला. बॉटम ब्रॅकेटखालचं भोक मातीने बुजलं असेल तर मोकळं करा. रिम ब्रेक असतील तर रबरात रुतलेले कण टोचून काढा, नाहीतर ते रिम किसतात. रिमची बाजू बोटाला खोलगट लागायला लागली की ती रिम संपली.

काढलेले जुने भाग ठेवावेत की टाकावेत?

बोल्ट, वॉशर, हबचे कोन (बेअरिंगच्या गोळ्या ज्यांवर फिरतात ते शंकूसारखे भाग), चांगले क्रँक, ब्रेकचे आर्म ठेवा. मापाची चिठ्ठी लावून ठेवा. झिजलेली चेन, पिंजलेल्या केबल, दगडासारखे कडक झालेले ब्रेकचे रबर टाका. पडझडीत वाकलेलं अ‍ॅल्युमिनिअमचं हँडल किंवा स्टेम मात्र नुसतं टाकू नका, करवतीने दोन तुकडे करून टाका, म्हणजे ते उचलून कुणी आपल्या सायकलला लावणार नाही.